बागूल सरांचा कान

बागूल सरांनी हेडफोन कानांवर चढवला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. हा हात वर गेला की खोलीत कुणी खोकतही नसे. संजनानं पंखा बंद केला. दाराशी स्टुलावर बसलेल्या सिंधुबाईंनी गौरीसाठी घेतलेल्या वेणीची पिशवी वाजू नये म्हणून मांडीवरून उचलून हळूच खाली ठेवली.

टेबलावर नव्या लॉटमधला एक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेला होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याला एक चौकोनी बॅटरी, पुढे अॅम्प्लिफायर आणि शेवटी सरांचे कान. ट्रान्झिस्टरला कुठलाही आवाज दिलेला नव्हता, म्हणजे कानात काही यायला नको. पण हा दाणा स्वतःच सळसळतो. त्याच्या पोटात बेस नावाचा एक पातळ थर असतो. त्यातून प्रवाहाला आडवं सरकत जावं लागतं, आणि तो थर जितका अडवेल तितकी सळसळ जास्त. गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकायची यंत्रं बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ही सळसळ नको होती. संजना दोन वर्षं तिच्यामागे हात धुऊन लागली होती.

तिनं बेसवरच्या एमिटर नावाच्या पट्ट्या बारीक करून कंगव्याच्या दातांसारख्या मांडल्या. प्रवाह जिथून आत शिरतो तिथे बोरॉन जास्त मुरवलं. भट्टीचं तापमान चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. कागदावर बेसचा रेझिस्टन्स खाली येत होता, लॉटमागून लॉट. पण अंबडच्या या कारखान्यात कागदावर काही ठरत नसे. फार वर्षांपूर्वी नॉइज मीटरनं पास केलेला एक लॉट सरांनी नुसत्या कानानं पकडला होता आणि तो खरोखरच खराब निघाला होता. तेव्हापासून मीटरवर कापडी झाकण पडलं ते पडलंच. खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू, फूल मिळायचं, पण त्याचं बटण कुणी दाबत नव्हतं.

सरांनी डोळे उघडले.

"शे," ते म्हणाले.

सर मूळचे सटाण्याचे. बाकी सगळं ते शहरी मराठीत बोलत, हा एक निकाल मात्र अहिराणीत. आवाज आहे तर 'शे', नाही तर 'नही'. गेली दोन वर्षं 'नही' ऐकायला सगळा मजला आसुसला होता. एकदा संजनानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला होता. तिला काहीच ऐकू आलं नाही. तसं ती म्हणाली तेव्हा सर हसले होते. "द्वारका सर्कलच्या हॉर्नमध्ये रोज उभी राहतेस, कान काय राहणार तुझे?" तिला ते पटलं होतं. आपलेच कान कच्चे.

सिंधुबाई उठल्या. ज्यांतून ट्रान्झिस्टर कापतात त्या सिलिकॉन वेफरच्या चकत्या भट्टीत भरण्यात त्यांची उमर गेली होती. हा शेवटचा लॉट होता, हे त्यांना कुणी निराळं सांगायला नको होतं. आज सरांनी 'शे' म्हटलं की लाइन बंद आणि जागा द्राक्षांच्या खोक्यांच्या गोदामाला, असं मालकांनी गणपतीआधीच सांगून टाकलं होतं.

"जाते मॅडम. गौरी बसल्यात घरी, नैवेद्य व्हायचाय," त्या म्हणाल्या. दारात थांबून पुन्हा म्हणाल्या, "संध्याकाळी हळदीकुंकवाला या बरं का. यंदा मखर बघाच."

त्या गेल्या. संजनाला रडायला यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. घरी जावं, पाय वर करून पडावं, उद्यापासून गंगापूर रोडच्या एखाद्या क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवावं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"दुसरा लाव," सर म्हणाले. "एकावर सोडायचं नाही."

तिनं बॅटरी काढली, पहिला ट्रान्झिस्टर उपसून दुसरा बसवला आणि तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. ती उठून फोनपाशी गेली. मालक होते.

"काय ठरलं, मॅडम? गोदामवाले उद्या मोजमाप घ्यायला येतायत. हो म्हणू का त्यांना?"

तिच्या पाठीमागे सर डोळे मिटून, हात वर करून बसले होते. तिनं मान वळवली, तेव्हा त्यांचा हात खाली आला.

"शे," ते थकून म्हणाले. "तसाच शे. काही फरक नाही."

संजनानं त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग स्वतःच्या मुठीकडे. बॅटरी तिच्या मुठीत होती.

"मॅडम?"

"पाच मिनिटांत सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती टेबलाशी परत आली. सर हेडफोन काढून कपाळ चोळत होते. हा माणूस तिला हात धरून हे काम शिकवणारा. भट्टीशेजारच्या पंपांच्या घरघरीत त्याची नोकरीची सगळी वर्षं गेलेली. तिला राग आला, इतका की बॅटरी टेबलावर आपटावीशी वाटली. तरी ती तिनं मुठीतच ठेवली.

"मी ऐकू का एकदा?"

"ऐक की."

तिनं हेडफोन लावला आणि बॅटरी जोडली. टक् असं झालं. अॅम्प्लिफायर जिवंत होता. मग काही नाही. ती श्वास रोखून बसली. पुढेही काही नाही. तिनं पहिला ट्रान्झिस्टर परत लावून पाहिला, मग तिसरा. उठून मीटरवरचं झाकण काढलं. मागच्या खंडेनवमीचं वाळलेलं झेंडूचं फूल खाली पडलं. मीटर तापायला वेळ लागला, पण शेवटी काटा उठला आणि गिऱ्हाइकानं मागितलं होतं त्याच्याही खाली स्थिर झाला. सर तिच्याकडे बघत होते.

"सर," ती म्हणाली, "मघाशी बॅटरी माझ्या हातात होती."

सरांना लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यांनी हेडफोनची पिन उपसली, तार तशीच लोंबकळत ठेवून तो कानांवर चढवला. पंखा बंदच होता. डोळे मिटून त्यांनी डावा हात वर केला.

"शे," ते अगदी हळू म्हणाले. हेडफोनही काढून ठेवला. "अजून शे. मला वाटायचं, हा आवाज ट्रान्झिस्टरांचाच आहे."

"डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू." त्यांनी हात पुढे केला. "आधी फोन दे."

तिनं मालकांचा नंबर लावून दिला. सर ताठ बसले. "बागूल बोलतोय," ते म्हणाले. "नही. आवाज नाही. लॉट पास आहे. गोदामवाल्यांना नका बोलावू." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी संजनाकडे पाहिलं. "मीटरवरही बघितलंय. आणि यापुढे संजना ऐकेल. नाही, मी नाही. संजना."

संध्याकाळी ती सिंधुबाईंकडे पोचली, तेव्हा बातमी तिच्या आधीच येऊन गेली होती. सिंधुबाईंनी दारातच तिचे दोन्ही हात धरले.

"मी गेले आन् सर नही म्हणाले म्हणे? माझ्याच मागं व्हायचं हुतं व्हय? ज्येष्ठा-कनिष्ठा पावल्या बघा."

"हो," संजना म्हणाली. "सरांनीच म्हटलं."

"कान म्हणजे कान त्यांचा. लय कडक माणूस."

आत पाटावर दोन गौरी भरजरी साड्यांत उभ्या होत्या. मागं पुठ्ठ्याचं मोठं मखर, आणि त्याच्या कमानीभर बाद लॉटच्या वेफरच्या चकत्या चिकटवलेल्या. नापास माल सगळेच घरी नेत. आरशासारखा चमकतो आणि कुणाच्या कामाचा नसतो. माळेच्या दिव्यांत त्या निळ्या, जांभळ्या, पोपटी होत होत्या. प्रत्येकीच्या कडेला लॉटचा नंबर कोरलेला होता, संजनाच्याच अक्षरात. तिनं डावीकडून वाचायला सुरुवात केली. आषाढातला. उन्हाळ्यातला, ज्याच्या पायी ती आईच्या वर्षश्राद्धाला गेली नव्हती. संक्रांतीचा. मागच्या दिवाळीआधीचा. यातला कुठला खरं तर साधला होता आणि नुसत्या सरांच्या कानानं बाद झाला होता, हे आता कळायला मार्ग नव्हता.

"कशानं चिकटवल्यात?" तिनं विचारलं.

"फेव्हिकॉलनं. चांगलं चापून लावलंय, पडायच्या नाहीत." सिंधुबाई कुंकवाचा करंडा घेऊन थांबल्या. "का वो मॅडम, परत पाहिजेत का?"

"नको," संजना म्हणाली. "राहू द्या."

आणि कुंकवासाठी तिनं कपाळ पुढे केलं.