खाऱ्या जमिनीतलं गवत

बहिष्काराच्या पहिल्या सभेत मी उभी राहिले ती ठरावाच्या विरोधात, हे आधीच कबूल करून टाकते. मागाहून कुणी तोंडावर मारायला नको. "गवताला देश नसतो," असं मी तेव्हा ठणकावून म्हणाले आणि टाळ्याही घेतल्या. वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्यांची हीच पंचाईत, माणूस ती बोलून मोकळा होतो आणि विचार करायचा राहूनच जातो.

मी विद्यापीठातल्या वनस्पती संग्रहालयाची प्रमुख आहे. वाळवून, दाबून जाड कागदावर शिवलेली झाडंझुडपं माझ्या लोखंडी कपाटांत आहेत, दीड लाखाच्या वर. विद्यार्थी मला पाठीमागे 'निवडुंग' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत एखाद्यानं दाखवली असती तर त्याला दोन मार्क जास्त दिले असते.

ठराव साधा होता. शेजारच्या मुलखावर चढाई करणाऱ्या सरकारच्या विद्यापीठांशी संबंध तोडायचे. त्यांच्या परिषदांना जायचं नाही, त्यांच्याबरोबर संशोधन करायचं नाही, नमुन्यांची देवाणघेवाण बंद. ठराव आणला होता धाकटीनं. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी. पस्तिशीची आहे, पण विभागात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. ती मूळची त्या चढाई झालेल्या मुलखातली. ज्या कॉलेजात तिनं पहिलं फूल चिरून पाहिलं, ते कॉलेज दोन वर्षांपूर्वी सैन्यानं जाळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला मात्र कळत असूनही वळत नव्हतं.

कारण माझा ग्रंथ. त्या चढाईखोर देशातले एक म्हातारबुवा आणि मी, आम्ही बावीस वर्षं टपालानं गवतांचा ग्रंथ लिहीत होतो. चार खंड निघाले, पाचवा आणि शेवटचा अर्ध्यावर होता. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. थोरली ताई नेहमी म्हणते, "तुझा संसार म्हणजे ते गवत." टोमणा असतो, पण खरं आहे. ठराव मंजूर झाला असता तर माझा संसार अर्ध्यावर मोडला असता.

मतदान दुसऱ्या सभेत होणार होतं. तिच्या आठवडाभर आधी मी म्हातारबुवांच्या विद्यापीठातून उसने आलेले नमुने तपासत बसले होते. एका गवतापाशी अडले. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डोंगरउतार, कोरडी माती.' आता हे गवत खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही. डोंगरावर ते उगवणं म्हणजे मासा झाडावर सापडणं. मला वाटलं, बुवांची नजर गेली. वाईटही वाटलं. खात्री करायला मी धाकटीला हाक मारली.

तिनं चिठ्ठी वाचलीच नाही. काडी कागदाला जिथं शिवली होती तिथं बोट ठेवून ती उभी राहिली.

"मॅडम, हा दोरा निळा आहे."

"मग?"

"सगळीकडे पांढऱ्यानं शिवतात. आमच्या कॉलेजात निळ्यानं शिवायचे. सर म्हणायचे, चुकून कुठं गेलाच तर आपला नमुना ओळखू यावा."

मी खिडकीशी जाऊन कागद तिरका धरला. चिठ्ठीच्या कडेला दुसरी कड दिसत होती. टिपकागद ओला करून मी त्यावर ठेवला आणि दोघी खुर्च्या ओढून बसलो. वीस मिनिटांनी वरची चिठ्ठी सुटली. खाली शाईनं लिहिलेली जुनी चिठ्ठी होती. जळालेल्या कॉलेजचं नाव, खाडीकाठच्या गावाचं नाव, तारीख आणि धाकटीच्या सरांची सही. हे सर त्या आगीतच गेले. धाकटी रडली नाही. तिनं ती सही तीनदा मोठ्यानं वाचली. मला मात्र रडू आलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

आमच्या धंद्यात एक नियम रक्तात भिनलेला असतो. आधीची चिठ्ठी कधी फाडायची नाही. चुकीची असली तरी नाही. आपली बाजूला चिकटवायची. त्या लोकांनी अख्खं कॉलेज लुटलं, पण हाताची सवय सुटली नाही. फाडायला हात धजला नाही म्हणून वरून चिकटवली. दुसरा कुठलाही चोर असता तर पुरावा चुलीत घातला असता!

संध्याकाळपर्यंत तसे एकेचाळीस नमुने निघाले. मी म्हातारबुवांना फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बाई, चिडू नका. आम्ही ते वाचवले. आदल्या दिवशी गाड्या पाठवून उचलले नसते तर सगळे जळून गेले असते."

"आदल्या दिवशी?" मी म्हणाले. "आग लागणार हे तुमच्या विद्यापीठाला आदल्या दिवशी माहीत होतं?"

"आपण गवताची माणसं," ते म्हणाले, "आपल्याला राजकारण शोभत नाही." बावीस वर्षांत मी त्यांच्यावर पहिल्यांदाच फोन आपटला.

दुसऱ्या सभेत आमच्या विद्यापीठाचे संशोधन संचालक उभे राहिले. पाचव्या खंडाची प्रस्तावना तेच लिहिणार होते, तेव्हा त्यांना ज्ञानाची काळजी जरा जास्तच. चष्मा पुसत ते म्हणाले, "आपल्या ज्येष्ठ मॅडमनी याच सभागृहात सांगितलंय, गवताला देश नसतो. मी त्यापुढे काय बोलणार?"

मी म्हणाले, "तुम्ही बसा, मीच बोलते. ते वाक्य मी परत घेते. गवताला देश नसतो, पण कपाटाला कुलूप असतं, आणि कुलपाची किल्ली कुणाच्या तरी हातात असते." मग मी एकेचाळीस नमुने टेबलावर मांडले. फोनवरचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं.

गणितवाले सर सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, हे भयंकरच आहे. पण तिकडं सरकारविरुद्ध बोलणारे जे मूठभर लोक आहेत, तेही विद्यापीठांतच आहेत. आपण दार लावलं की ते आत गुदमरणार. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"सर, तुमच्या संन्याशाच्या घरचा पत्ता द्या, मी स्वतः पत्र लिहिते. त्याला माझं दार उघडं आहे. त्याच्या विद्यापीठाचा शिक्का असलेल्या कागदावर मात्र माझी सही यापुढं होणार नाही."

"आणि शिक्क्याशिवाय त्याला टपालच मिळत नसेल तर?"

हा प्रश्न मला अजूनही टोचतो. पण टोचतो म्हणून मी हात खाली ठेवणार नव्हते. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात माझा होता. पाचवा खंड त्या हाताबरोबरच गेला, हे मला तो वर करतानाच ठाऊक होतं.

ठराव चार मतांनी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालक स्वतः संग्रहालयात आले. हातात परतीचा फॉर्म होता. "मॅडम, झालं ते झालं. ठराव पडलाय, तेव्हा देवाणघेवाणीचे नियम लागू. उसने आणलेलं परत करायचं. सगळे नमुने बांधा आणि पाठवून द्या. तुमचा खंडही वाचेल."

"त्यांचे स्वतःचे नमुने बांधून तयार आहेत, आजच न्या. एकेचाळीस राहतील."

"ते कुणाला देणार तुम्ही?"

"मालकाला. उसनं आणलेलं मालकालाच परत करायचं असतं ना? नियम तुमचाच." मी पेन काढलं आणि फॉर्मवर 'मालक' या रकान्यात जळालेल्या कॉलेजचं नाव लिहिलं.

संचालकांचा चेहरा लाल झाला. "यानं तुमची नोकरी जाईल. निवृत्तीला एक वर्ष उरलंय, काय मिळवणार तुम्ही?"

"ग्रंथ गेलाच आहे. आता नोकरीची भीती कुणाला घालता?"

"अहो, पण ते कॉलेज आहे कुठं? राखेला पार्सल पाठवणार? पुढचा रकाना बघा, पत्ता लागतो. त्या कॉलेजला पत्ताच नाही!"

धाकटी इतका वेळ कपाटापाशी उभी होती. ती पुढं आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढच्या रकान्यात त्या खाडीकाठच्या गावाचं नाव लिहायला लागली.

"पत्ता आहे, सर," ती लिहिता लिहिता म्हणाली. "छप्पर नाही."