पहिला मासा

ऑगस्टातल्या तिसऱ्या गुरुवारी एव्हर्टने वाऱ्याची दिशा पाहिली, अंगणातलं टेबल थोडं सरकवलं आणि फुगलेला डबा बादलीतल्या पाण्यात बुडवून फोडला. वसंतात खारवलेली हेरिंग मासळी आत आंबली होती. वास पसरला तशी शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली. म्हणजे मासा चांगला उतरला होता.

या घरात पहिला मासा सगळ्यांत लांबून आलेल्याचा. दरसाल तो मान लेकीचा, स्टॉकहोमहून येणाऱ्या तूवाचा.

तूवाने ताटली मागे ओढली. "मला नको, बाबा."

"शहरात नाक बदलून देतात वाटतं," मेर्टाआत्या म्हणाली.

समुद्र एव्हर्टचा, जाळं त्याचं, मीठ त्याच्या हातचं. आणि नकार पोटच्या पोरीचा.

"यात विष असतं बाबा. कारखान्यांतून समुद्रात आलेलं. माशाच्या चरबीत साचतं, मग आपल्या."

"जन्मभर खातोय. मला काही करायचं असेल तर त्याला आता घाई करावी लागेल."

"तुझं नाही म्हणत. माझ्या पोटात आहे त्याचं म्हणतेय."

आत्याच्या हातातला बटाटा हातातच राहिला. तूवाची आधीची दोन टिकली नव्हती. तेव्हा घरात कोणी काही विचारलं नव्हतं. एव्हर्टने फक्त तिच्या अंगात ताकद यावी म्हणून टपालाने डबे धाडले होते. वासाच्या धास्तीने पोस्टमनने ते दाराबाहेरच ठेवले होते.

"वर्षातून दोन-तीनदा चालतं म्हणतात," तूवा म्हणाली. "पण इतकी वाट पाहिल्यावर मला तेवढंही नको."

"मी धाडलेले डबे?"

"खाल्ले. त्यांच्यामुळे झालं असं कोणी म्हणत नाही."

"झालं नाही, असंही म्हणत नाहीत?"

"नाही."

एव्हर्ट उठला. नळावर जाऊन त्याने साबणाने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग पातळ पावाला लोणी लावलं, त्यात बटाटा कुस्करला, कांदा पेरला, घडी घालून तो लेकीपुढे धरला. पहिला मासा त्याने आत्याच्या ताटलीत टाकला.

"मी तर शेजारच्या गल्लीतून आले," आत्या म्हणाली.

"मग हळू खा."

हाताचा वास काही गेला नव्हता. तूवाने पाव नाकाशी धरला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. वासाला बंदी नव्हती.