वेळ लावून ठेवलेलं निधन

शनिवारी दुपारी ठीक बारा वाजता ल्युबेन कारामफिलोव्ह वारला. वय एकतीस, राहणार रुसे, व्यवसाय फ्रीलान्स लेखन. मागे आई.

हे झालंच नाही असं धरून चालू. ल्युबेनही तसंच धरून चालला होता. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण शनिवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी तो चांगला ठणठणीत होता. पायात लोकरीचे मोजे होते, पुढ्यात लॅपटॉप होता आणि 'फ्रीलान्स लेखकांना उपयोगी पडतील अशा शंभर वेबसाइट्स' या लेखाचे तीनशे बारा शब्द लिहून झाले होते. तीनशे तेरावा सुचेना म्हणून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडरवर शनिवार होता. म्हणजे काल शुक्रवार होऊन गेला होता.

तो ताडकन उठला.

ल्युबेनचा एक ब्लॉग होता आणि त्याला दोनशे चौदा वाचक होते, बहुतेक सगळे फ्रीलान्स लेखकच. काम कुठे शोधावं, संपादकाला पहिलं पत्र किती ओळींचं लिहावं, शीर्षक किती लहान असावं, अशा टिपा तो त्यांना द्यायचा. स्वतः त्यातली एकही पाळायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. अपवाद फक्त तीन टिपांचा, आणि घात त्या तिघींनी मिळूनच केला.

त्यातली थोरली म्हणजे एकोणिसावी. डोक्यावर साहेब नसलेल्या माणसाला निदान मरणाची तरी धास्ती हवी, असं ल्युबेनचं म्हणणं. त्याच्या देशात माणूस गेला की घराच्या दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर फोटोसकट काळ्या चौकटीचा कागद लावतात. तसाच कागद स्वतःच्या नावाने लिहायचा, ब्लॉगवर चढवायचा आणि तो शनिवारी बाराला आपोआप प्रसिद्ध होईल अशी वेळ लावून ठेवायची. आठवड्याचं लिखाण झालं की शुक्रवारी वेळ एक आठवडा पुढे ढकलायची. लिहाल तर जगाल. वाचक खूष झाले, प्रत्येकाने आपापला मरणकागद गंमत म्हणून लिहिला. ल्युबेनने स्वतःचा वाइन घेऊन लिहिला आणि चुकून खरा लिहिला. साठ आठवडे तो ढकलत आला होता. या शुक्रवारी विसरला, कारण शुक्रवारी तो 'कामं विसरू नयेत म्हणून सात उपाय' लिहीत होता.

विसरला तर विसरला, वाचक हसले असते. पण दोनशे चौदांपैकी एक वाचक नेदा कारामफिलोवा होती, ब्रेस्तोवो गावची, वय अडुसष्ट. वसंतात तिच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने चढा, वाइन थोडी घ्या, धक्का मात्र नको. ती लेकाच्या टिपा वाचत नसे. फोन वाजला की उघडून बघायची, ल्युबेनचा फोटो असेल तरच चष्मा लावायची. मरणकागदावर फोटो होता.

आता फोन हातात घेऊन वेळ पुढे ढकलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण फोन आणि वायफायचा डबा दोन्ही तिसऱ्या मजल्यावर दाफिना मावशीच्या काचेच्या कपाटात होते. टीप तेविसावी: लिहिताना लक्ष उडू नये म्हणून या वस्तू दयामाया नसलेल्या माणसाकडे ठेवायला द्याव्यात. दाफिना मावशीने नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढली होती आणि आता ती इमारतीचा कारभार बघायची. याहून योग्य माणूस रुसेमध्ये नव्हता.

ल्युबेन मोज्यांवरच तीन मजले उतरला.

"मावशी, फोन द्या."

"किती झाले?"

"तीनशे बारा."

"म्हणजे सहाशे अठ्ठ्याऐंशी राहिले. जा."

"मावशी, बाराला माझ्या मरणाची बातमी निघणारे. आई वाचेल. तिचं हृदय तुम्हाला माहितीये."

दाफिनाने एप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा नाकावर घेतला. "'हजार शब्द पुरे झाल्याशिवाय, आग लागली म्हणालो, आई आजारी म्हणालो, मी मेलो म्हणालो, तरी देऊ नये.' सही तुझी?"

"माझीच."

"मी सकाळीच म्हटलं होतं, आग आणि आई पुरे. मेलो हे तूच घालायला लावलंस."

"तो विनोद होता, मावशी."

"चौतीस वर्षांत विनोदाखाली सही केलेला माणूस माझ्या खिडकीवर आला नाही."

मग तिने एवढं केलं, की स्वतःचा फोन दिला. तिच्या फोनवर ब्लॉग उघडायला गेला तर चौथी टीप आडवी आली: ब्लॉगला दुहेरी कुलूप लावा. पासवर्ड दिल्यावर खात्रीचा आकडा येत होता, पण तो ल्युबेनच्या फोनवर, आणि तो फोन कपाटात. त्याने आईचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. पुन्हा फिरवला. वाजत राहिली.

"उचलायची नाही ती," ल्युबेन म्हणाला. "अनोळखी नंबर उचलत नाही. गेल्या महिन्यात गावात पोलीस आला होता, म्हाताऱ्या माणसांना शिकवायला. टोळ्या फोन करतात, आई मीच, अपघात झालाय, पैसे दे. उचलू नका, उचललात तर ठेवून द्या. आई पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होती."

"शहाणी बाई," दाफिना म्हणाली.

ल्युबेनने कपाटाच्या काचेकडे पाहिलं. दाफिनाने त्याच्या पाहण्याकडे पाहिलं.

"फोडायचं तर फोड. आत माझ्या नवऱ्याचे सहा पेले आहेत. तो गेला त्या दिवसापासून मी त्यांना हातसुद्धा लावलेला नाही. तू लाव."

घड्याळात अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. गाव पावणेदोन तासांवर. ल्युबेन परत वर पळाला.

त्याने जन्मात एका बैठकीत हजार शब्द लिहिले नव्हते, जरी 'एका बैठकीत हजार शब्द' ही त्याची आठवी टीप होती. पण इतक्या घाईत लिहायचं तर खोटं सुचायला वेळच मिळत नाही. त्याने लिहिलं, या शंभर वेबसाइट्सपैकी नव्वद मी उघडूनही पाहिलेल्या नाहीत. लिहिलं, पहिल्या वेबसाइटवर काम मिळतं म्हणतात, मला मिळालं नाही. दुसऱ्या वेबसाइटवर एकदा मिळालं, मांजरांच्या खाण्यावर बारा लेख. सहाव्या वेबसाइटचा मालक मीच आहे, तिथे कुणी जाऊ नये. संपादकाला पत्र कसं लिहावं हे मी शिकवतो, मला गेल्या वर्षी संपादकांची दोन उत्तरं आली आणि दोन्ही पत्र मिळाल्याची यंत्राने पाठवलेली पोच होती. बोटं धावत होती. ब्लॉगवरचा हा पहिलाच लेख, जो कुणाच्या तरी उपयोगी पडला असता.

अकरा सेहेचाळीसला तो लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून मावशीच्या दारात उभा राहिला. "एक हजार चार. हा बघा खाली आकडा."

"हे यंत्र कुणाचं?"

"माझं."

"मग ते तुझ्याच बाजूने बोलणार," म्हणून दाफिनाने विणायची सुई घेतली, लॅपटॉप टेबलावर ठेवून घेतला आणि पडद्यावर सुईचं टोक टेकवत मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

ल्युबेन घड्याळाकडे बघत उभा. दोनशेच्या आसपास त्याने न राहवून "मावशी, जरा भरभर" म्हटलं. दाफिनाने सुई उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मी कुठे होते?"

"दोनशे सहा."

"तुझा शब्द घेऊ?"

पुन्हा एकपासून. त्यानंतर तो बोलला नाही. तीनशे चाळीसपाशी सुई थबकली.

"हे काय लांबलचक?"

"वेबसाइटचा पत्ता."

"पत्ता म्हणजे शब्द नव्हे. आमच्याकडे पत्त्याला वेगळा रकाना असायचा." सुई पत्ता ओलांडून गेली. पुढचाही ओलांडला. ल्युबेनने पत्ते एकसष्ट घातले होते. शेवटी दाफिनाने सुई खाली ठेवली. "नऊशे त्रेचाळीस. सत्तावन्न कमी."

अकरा छप्पन्न. वर पळायला वेळ नव्हता. तो तिथेच ओणवा झाला आणि टाइप करू लागला. मी जिवंत आहे. मी जिवंत आहे. तिसऱ्यांदा त्याने तेच उचलून खाली चिकटवायला घेतलं, तेव्हा मागून आवाज आला, "चिकटवाचिकटवी नको." मी जिवंत आहे. मी जिवंत आहे. एका ठिकाणी बोट घसरलं, ते त्याने सुधारलं, कारण मावशी ते धरणार नाही हे त्याला आता कळलं होतं.

दाफिना चष्म्यातून वाकली. "एकच वाक्य एकोणीस वेळा लिहिलंयस."

"खोटं आहे का?"

तिने त्याला मोज्यांपासून केसांपर्यंत पाहिलं, खिडकीवरून पाहायची तसं. "नाही," ती म्हणाली आणि सुई पुन्हा चालू झाली. "नऊशे अठ्ठ्याण्णव. नऊशे नव्याण्णव. हजार."

स्वयंपाकघरातल्या घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं. जे झालंच नाही असं आपण धरलंय, ते होऊन एक मिनिट लोटलं होतं. किल्ली फिरली. "मिळाल्याची सही कर," दाफिना म्हणाली. त्याने केली.

पोस्ट निघाली होती. दोनशे चौदा ईमेल गेल्या होत्या, आणि गेलेली ईमेल परत बोलावता येत नाही. खाली वाचकांच्या प्रतिक्रियाही होत्या. 'एकोणिसाव्या टिपेचं झकास उदाहरण.' 'शीर्षक आणखी लहान चाललं असतं.' ल्युबेनने पोस्ट उडवली आणि आईला फोन लावला. या वेळी त्याचा स्वतःचा नंबर होता. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई, मी."

पलीकडे नुसता श्वास.

"आई, मी ल्युबेन. मला काही झालेलं नाही. ते चुकून..."

"त्याचा फोन कुठे सापडला तुम्हाला?"

"माझाच फोन आहे, आई."

"आवाज अगदी त्याचा काढलास," नेदा म्हणाली. आवाज सपाट होता, पोलिसाच्या व्याख्यानातलं वाचून दाखवावं तसा. "सांगितलं होतं आम्हाला. आई म्हणतात, रडतात, सगळं बरोबर सांगतात. पण बाबा, ज्याच्या नावाने फोन करायचा तो आहे की गेला, एवढं तरी आधी बघावं. तूही कुणाचा तरी मुलगा असशील. आजच्या दिवस हा धंदा करू नकोस."

फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर बंद.

"काय म्हणाली?" दाफिनाने विचारलं.

"चोर म्हणाली."

दाफिनाने एप्रनमधला तो कागद काढला, थोडा वेळ हातात धरला आणि चार तुकडे केले. चौतीस वर्षांत तिने कागद फाडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "बूट घाल," ती म्हणाली. "जा."

ब्रेस्तोवोला टॅक्सीवाले येत नाहीत, तिथल्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, नाहीतर बस. बस एक चाळीसला सुटली. गावच्या कचेरीला शनिवारची सुट्टी, शेजाऱ्यांपैकी कुणाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. खिडकीबाहेर सूर्यफुलांची कापून झालेली शेतं सरकत होती. स्प्रिंग किती ओझं पेलते, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून 'वाट पाहण्याच्या वेळात लिहा' ही टीप लिहीत होता. वळणावळणाला तो आईचा नंबर लावायचा आणि बंद आहे हे ऐकायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, बंद आहे म्हणजे तिने बंद केलाय, आणि बंद करायला माणूस लागतं.

थांब्यापासून तो पळत गेला. घराच्या जवळ उकडलेल्या गव्हाचा वास आला. मेलेल्यासाठी शिजवतात तो गहू.

नेदा स्टुलावर चढून फाटकाला कागद लावत होती. पाठमोरी. छापायची सोय नव्हती म्हणून हाताने लिहिलेला, मोठ्या, सरळ अक्षरांत, भोवती काळ्या पेनाची चौकट. तिने लेकाची पोस्ट जशीच्या तशी उतरवली होती, एक ओळ सोडून. त्याने लिहिलं होतं, 'आईला द्राक्षवेल छाटायला येतो म्हणालो आणि तीन वर्षं गेलो नाही.' तिथे तिने लिहिलं होतं, 'द्राक्षवेल छाटायला तो येणारच होता.'

"आई," तो म्हणाला.

तिचा हात कागदावरच थांबला. मागे न वळता ती म्हणाली, "थांब. हा कोपरा उडेल." अंगठ्याने तिने कोपरा दाबला, दोनदा, आणि मग वळली. बराच वेळ बघत राहिली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली.

"किती वाजले?"

"तीन चाळीस."

"बाराला वाचलं." तिचे ओठ हलले, हिशेब केल्यासारखे. "दोन गोळ्या घेतल्या. तिसरी नको म्हणालेत ना डॉक्टर."

तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. ती तिने सोडली नाही. आत जाताना नाही, चुलीवरचा गहू उतरवतानाही नाही, तो एका हाताने उतरवला. रात्रीपर्यंत ल्युबेनने डावा हात वापरला नाही. कोपऱ्यातल्या आरशात त्याला ती दिसायची आणि दर वेळी वाटायचं, सकाळी ही एवढी म्हातारी नव्हती.

सोमवारी त्याने ब्लॉगवर काही लिहिलं नाही. दाफिना मावशीकडून नमुना घेतला, कोऱ्या कागदावर समास आखला आणि अर्ज लिहिला.

'प्रति, नागरी नोंदणी विभाग. विषय: वेळ परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार ल्युबेन कारामफिलोव्ह हा गेल्या शनिवारी दुपारी बारा ते तीन वाजून चाळीस मिनिटे या कालावधीत हयात होता. तथापि त्याची आई नेदा कारामफिलोवा, राहणार ब्रेस्तोवो, यांनी सदर कालावधी अर्जदारास मृत समजून काढला. यात त्यांचा कोणताही दोष नाही. तरी सदर तीन तास चाळीस मिनिटे त्यांच्या आयुष्यातून खर्ची न टाकता त्यांच्या नावे परत जमा करावीत, आणि ती शक्यतो शेवटी जोडून द्यावीत, ही नम्र विनंती. सोबत: औषधाच्या पाकिटाची प्रत, दोन गोळ्या कमी.'