झालरीच्या झग्यातला संगणक

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, जरा हळूच बोलतो, कारण हल्ली मला चटकन दम लागतो.

कारखान्यात माझे भाग जुळवले, तेव्हा माझ्या पेटीत मागच्या बाजूला एक छोटा पंखा बसवला होता. लोक पडद्याचे कौतुक करतात, पंख्याकडे कुणी पाहत नाही. पण काम करताना माझे अंग तापते, आणि तो बिचारा मला वारा घालतो.

या घरात माझी जागा आईच्या शिलाई मशीनशेजारी होती. आईने माझे लाड किती केले म्हणून सांगू! धूळ बसू नये म्हणून तिने माझ्या पेटीला फुलाफुलांचा, झालरीचा झगा शिवला. चालू करायच्या बटणासाठी छानसे काजही केले. कपडे न्यायला आलेल्या बायका म्हणत, "अय्या, याचा थाट तरी बघा!" मी वर्षानुवर्षे त्याच थाटात राबलो आणि आतल्या आत उकडत राहिलो.

मग मी काम करता करता मध्येच बंद पडू लागलो. फार तापलो की आतले भाग जळू नयेत म्हणून मला तसे करावेच लागते. पण हे घरात कुणाला ठाऊक नव्हते.

आईच्या लेकीला, आमच्या ताईला, चित्रशाळेत प्रवेश हवा होता. त्यासाठी तिला एक चित्र संध्याकाळच्या आत पाठवायचे होते. रंग भरता भरता पडदा काळा झाला. तिने मला पुन्हा सुरू केले. पुन्हा काळा!

"नाटकी आहे लेकाचा!" म्हणत तिच्या मदतीला आलेल्या मामाने मला एक चापट दिली. मग त्याने वायर बदलली, प्लग बदलला, मला दुसऱ्या बोर्डावर लावले, सगळे एका दमात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी आणखी लवकर बंद पडलो.

"मामा, थांब ना! सगळं एकदम बदललंस तर बिघाड कुठे आहे ते कळणार कसं?" ताई रडवेली झाली होती.

"मग तूच तपास, डॉक्टरीणबाई."

ती तपासू लागली. एका वेळी एकच गोष्ट. आधी मला नुसते चालू ठेवले. मी नीट चाललो. मग चित्र उघडून रंग भरले, तर थोड्याच वेळात मी गप्प.

"म्हणजे वीज ठीक आहे. काम वाढलं की हा पडतोय." तिने झग्याखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! केवढा तापलाय!"

आईने मशीन थांबवले, माझा प्लग काढला आणि झगा उतरवला. मागच्या जाळीवर कापडाच्या तुसांची गादीच जमली होती. आईचा चेहरा उतरला.

"मी तर याला जपत होते गं."

"जपतच होतीस, आई. पण हा श्वास कुठून घेतो, ते आपण कुणीच पाहिलं नाही."

मी निवल्यावर आईने मऊ ब्रशने हळूहळू सगळे तूस काढले. ताई पुन्हा कामाला लागली. आता ती थोडे थोडे काम झाले की सेव्ह करत होती. मामा मुकाट्याने मला वर्तमानपत्राने वारा घालत राहिला. माझा पंखा कुरकुरत होता, पण मी तग धरला. दिवेलागणीच्या आधी ताई ओरडली, "गेलं! चित्र पोचलं!"

मित्रांनो, चालता चालता कुणी थांबले तर लगेच चापट उगारू नका. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा. त्या संध्याकाळी कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मी मध्येच बंद पडलो नाही. काम संपल्यावर ताईने मला नीट बंद केले. दमलेल्या जिवाला एवढी विश्रांती तरी द्या.