पोकळ फेलेती

वावाऊ बेटावरच्या रग्बी संघात फेलेतीएवढा दांडगा गडी दुसरा नव्हता. त्याची बायको लुपे शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा टारोचे कंद सोलता सोलता ती म्हणाली, "अरे, तू जवळजवळ सगळा पोकळच आहेस. अणूच्या आत नुसती पोकळी असते. ती काढून टाकली, तर तू उरशील धुळीच्या कणाएवढा!"

फेलेतीच्या मनाला ते फार लागलं. शनिवारच्या सामन्यात तो अंग चोरूनच खेळायला लागला. शेवटी लुपे मैदानाबाहेरून ओरडली, "अरे, समोरचाही पोकळच आहे!"

मग काय विचारता! फेलेतीने मुसंडी मारली आणि तो थेट पलीकडच्या संघातल्या आडदांड लिसिआतेवर जाऊन आदळला. दोघेही उताणे पडले.

लुपे धावत आली. नाक दाबून धरत फेलेती कण्हला, "दोघंही पोकळ, तर मी आरपार का नाही गेलो?"

"अणूंच्या बाहेरच्या अंगाला इलेक्ट्रॉन असतात. ते एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत," लुपे म्हणाली.

शेजारी पडलेल्या लिसिआतेने एक डोळा उघडला. "वहिनी, हे तेवढं आधी सांगायचं ना!"