अडीच फूट वर

दापोडीच्या त्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढायचा आणि भिवाचं घर तेवढंच खाली जायचं. गटाराचं पाणी उंबरा ओलांडून फ्रिजखाली शिरलं, तेव्हा त्यानं घर जॅकवर उचलून घ्यायचं ठरवलं. गल्लीतले शहाणे स्वस्तातला माणूस सुचवत होते. पण भिवाचा जन्म कंपनीत पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर गेलेला; अर्धवट माणसाच्या हाती घर देणं त्याच्या रक्तात नव्हतं. मोशीत गणराज ठेकेदारानं उचललेलं घर त्यानं आतून फिरून पाहिलं, तडे शोधले, सापडले नाहीत, तेव्हा कुठं होकार दिला.

"भिंती आणि छत वर जाणार, फरशी जिथल्या तिथं," गणराजनं समजावलं. "मग मुरूम भरून फरशी वर घेऊ. तोवर आतच राहा, काका."

शिट्टीच्या तालावर माणसांनी जॅक फिरवले आणि भिंती अडीच फूट चढल्या. आत राहणाऱ्या दोघांची पंचाईत झाली. दिव्याचं बटण इतकं उंच गेलं की भिवाची बायको केसरबाई ते लाटण्यानं दाबायची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची एक रेघ होती, पाचव्या वाढदिवसाला त्यांच्या मुलाची, प्रितमची उंची मोजून ओढलेली. त्याच वर्षी पोरगं तापानं गेलं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. ती रेघ आज भिवाच्या डोक्यावर होती.

"असता तर एवढाच असता," केसरबाई म्हणाली. भिवा जॅक बघायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दोघं दारात बसले असताना आतला दिवा लागला. लाटणं केसरबाईच्या मांडीवर होतं. भिवानं वायरिंगला शिव्या घातल्या, वायरमन आणला. त्याला काही सापडलं नाही. दिवा रोज लागत राहिला, आणि दर वेळी बटणाचा खटका स्वच्छ ऐकू यायचा. भिवा तिन्हीसांजेला आत पाऊल टाकेना. केसरबाई मात्र तिघांच्या भाकरी थापू लागली.

मुरमाचा ट्रॅक्टर आला तशी ती दार अडवून उभी राहिली.

"आवो, फरशी न्हाई वर घ्यायची. ल्योक मोठा झालाय माजा. त्याला पुन्यांदा बारीक करू नगा."

भिवा घाबरला होता, आणि घाबरल्याचा त्याला रागही आला होता. तिला बाजूला करून तो गणराजला म्हणाला, "भरा."

नवी फरशी बसली. रेघ भिवाच्या कमरेशी आली. त्या संध्याकाळी दिवा काही लागला नाही. भिवानं हुश्श केलं. केसरबाई त्याच्याशेजारी दारात तोंडाला पदर लावून रडत बसली.

मग आतल्या अंधारात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थोडी ओढायची, थांबायचं, पुन्हा ओढायची. आवाज बटणाच्या भिंतीकडं सरकत होता. पोराचा हात आता बटणाला पुरत नव्हता, आणि ते बापानंच केलं होतं.

भिवा उठून आत गेला.

"थांब बाळा, पडशील," तो म्हणाला. "म्या लावतो."