शेळीसकट लोमोरू

मी एक काटा बोलतोय. झोळीत घालून लेकरं जोखणारा, टांगता काटा. तुर्काना लोकांच्या मुलुखात, कोरड्या नदीकाठच्या बाभळीला मला सिग्रिडबाईंनी अडकवलं. गुरंराखी माणसं काय खातात, त्यांची पोरं कशी जगतात, याचा त्या अभ्यास करत होत्या.

पण माझ्याकडे कुणी फिरकेना. पोर जोखलं की मरणाला त्याचा पत्ता लागतो, असं नाकुवाम म्हातारीने बायकांना बजावलं होतं. तिचा नातू लोमोरू जुलाबांनी पार वाळला होता. त्याला ती कातड्याखाली झाकून बसायची.

"आजी, एकदाच बघू द्या," बाई काकुळतीला आल्या.

"आधी तू बस बघू झोळीत!"

बाई बसल्या. पाय वर, डोकं खाली. माझी सुई शेवटच्या रेघेवर आपटली. बायका हसून लोळल्या.

"एवढी भरलीस! लेकरं किती गं?"

"एकही नाही."

हसू विरलं. बायकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की खरी आजारी हीच. बाईंना धरून सांडणीचं दूध पाजलं गेलं.

मग म्हातारीनेच तोड काढली. "पोराला शेळीबरोबर जोख. कोण किती, ते मरणाला कळता कामा नये."

दोघं एकदम जोखली. म्हातारीची पाठ वळताच बाईंनी एकट्या शेळीला टांगलं. वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, आत्ताच्या आत्ता दवाखाना!"

"शेळीसकट," म्हातारी म्हणाली.

दवाखान्यातल्या नर्सने कपाळावर हात मारला, पण म्हातारीपुढे कुणाचं चाललं नाही. एका खाटेवर दोन रोगी. वजनही दोघांचं एकत्रच. एका सकाळी ते एकदम घटलं. नर्स धावली, बाई रडू लागल्या. तेवढ्यात खाटेखालून कुणीतरी बें केलं. शेळी व्याली होती!

लोमोरू आता त्याच पिलामागे उंडारतो. बाई मायदेशी गेल्या. माझी सुई गंजून एकाच आकड्यावर बसली आहे. उंटाचं खोगीर टांगा नाहीतर तंबाखूची पुडी, आकडा तोच. आया हल्ली बिनघोर लेकरं आणतात. "हा काटा गुणाचा, कुणाची चहाडी करत नाही," म्हणतात.

पण सिग्रिडबाई, काल एक झोळी मला फारच हलकी लागली. मला ते सांगता येत नाही. लवकर या.